चित्त थाऱ्यावर

कामात लक्ष नसलेल्या माणसासाठी आपल्या मराठीत जितके शब्द आहेत, तितके सद्गुणी माणसासाठी असतील असे मला वाटत नाही. धांदरट, वेंधळा, विसरभोळा, उडाणटप्पू, धरसोड्या, आरंभशूर. शिवाय 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण निराळीच. ही सगळी संपत्ती मी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून जवळजवळ एकट्याने उपभोगीत आलो आहे. काही आईकडून मिळाली, बरीचशी मास्तरांकडून, आणि उरलीसुरली तूट लग्नानंतर सासरच्या माणसांनी प्रेमाने भरून काढली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी या इस्टेटीवर अचानक टाच आली. टाच आणणारी वस्तू म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी एक गोळी.

फराळाच्या ताटाशेजारी औषधाची बाटली मांडू नये, एवढे तारतम्य मलाही आहे. पण या सदराच्या वाचकांचे एक जुने देणे माझ्या अंगावर आहे. 'आपण सुरू एक करता, मध्येच तिसऱ्या गावाला जाता, आणि लेख संपतो तेव्हा चौथ्याच स्टेशनावर उतरलेले असता,' अशा अर्थाची पत्रे मला वर्षानुवर्षे येत आहेत. त्यांना आजवर उत्तर गेले नाही. कारण ती मी इतकी जपून ठेवली, की जपून ठेवल्याची जागाच आठवेना. आता थोडे चित्त हाताशी आले आहे, तेव्हा एकदा हिशेब देऊन टाकतो.

या विकाराचे नाव ए.डी.एच.डी. मराठीत त्याला 'अवधान-न्यूनता व अतिचंचलता' असे काहीसे म्हणतात. ते उच्चारून होईपर्यंतच निम्म्या रोग्यांचे लक्ष उडून जाते. हा लहान मुलांचा विकार, मिसरूड फुटले की जातो, अशी बरीच वर्षे वैद्यकातही समजूत होती. तो पुष्कळांच्या बाबतीत जात नाही, हे आता मान्य झाले आहे. मोठ्या माणसांत शंभरांमागे अडीच-तीन जणांना तो असतो, असे धरतात. म्हणजे स्वारगेटहून कात्रजला निघालेल्या खच्चून भरलेल्या बसमध्ये दोघे तरी असावेत. त्यांतला एक चुकीच्या बसमध्ये बसलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

आमच्या घरात या प्रकरणाची सुरुवात माझ्यापासून झालीच नाही. ती माझ्या नऊ वर्षांच्या मुलीपासून झाली. तिच्या वर्गशिक्षिकेने बोलावून घेऊन सांगितले, की मुलगी गुणी आहे, पण फळ्यापेक्षा खिडकीतून जास्त शिकते. एकदा कोणाला तरी दाखवा. आम्ही तिला घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आईवडिलांनी भरून द्यायचा एक कागद दिला. त्यावर अठरा लक्षणे होती आणि प्रत्येकापुढे कधीच नाही, क्वचित, बरेचदा, नेहमी असे रकाने. रात्री जेवणे झाल्यावर आमच्या सौ. प्रश्न वाचू लागल्या आणि मी उत्तरे देऊ लागलो. हातातले काम अर्धे टाकून दुसऱ्याकडे वळते का? वस्तू हरवते का? समोरचा माणूस बोलत असताना ऐकत नसल्यासारखी दिसते का? सातव्या की आठव्या प्रश्नाला सौ.नी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, हे नक्की कोणाबद्दल विचारतायत?"

मी त्या वेळी टेबलावरच्या मिठाच्या डबीचे झाकण कुठल्या कारखान्यात होत असेल, याचा विचार करीत होतो.

पुढे मोठ्या माणसांना तपासणारे दुसरे मानसोपचारतज्ज्ञ झाले, दोन लांबलचक बैठका झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "शाळेतले काही कागद असले तर आणा." हा विकार मोठेपणी नव्याने उगवत नाही. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने जी निदानाची कसोटी ठरविली, तिच्यात काही लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असली पाहिजेत असे कलम आहे. त्यामुळे आमच्या सुखसागरनगरच्या घरातल्या माळ्यावरून आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लोखंडी ट्रंक खाली काढावी लागली. आई गेल्यापासून आप्पा आमच्याकडेच असतात, आणि ट्रंक त्यांच्यामागून आलेली आहे.

तिच्यात माझी प्रगतिपुस्तके निघाली. दुसरी ते आठवी. अक्षरे निरनिराळ्या शिक्षकांची, शाई निरनिराळी, पण शेरा एकच: 'हुशार आहे, परंतु लक्ष देत नाही.' एका वर्षी 'परंतु'च्या जागी 'पण' होते. सात वर्षे सात माणसे एकाच मुलाबद्दल एकच वाक्य लिहितात आणि त्या वाक्याचा अर्थ काय असावा, हे कोणी विचारत नाही, याचे आज नवल वाटते. तरी मी त्यांना बोल लावीत नाही. एका वर्गात साठ-साठ पोरे, आणि त्या काळी या विकाराचे नाव आपल्याकडच्या शिक्षकाच्या कानावर जाण्याचा संभव तो किती!

पण ट्रंकेत प्रगतिपुस्तकांच्या खाली आणखी बरेच काही होते, आणि ते माझे नव्हते. रेडिओ दुरुस्तीच्या टपाली अभ्यासक्रमाचे पहिले चार धडे. पाचव्याचे पाकीट फोडलेलेच नाही. चारा कापण्याच्या एका यंत्राचा नकाशा, डावी बाजू सुबक काढलेली, उजवी कोरी. हार्मोनियमच्या तीन सुट्या पट्ट्या. आणि दोऱ्याने बांधलेली सात नेमणूकपत्रे, सात निरनिराळ्या मालकांची. मी ते सगळे परत होते तसे ठेवले आणि प्रगतिपुस्तके घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ट्रंकेच्या तळाशी पुन्हा येईनच.

आता थोडे औषधाबद्दल. गंमत अशी, की ते चंचल माणसाला द्यायचे, आणि आहे उत्तेजक. आगीवर तेल ओतून आग विझवायची, असा हा प्रकार वाटतो, आणि तो सापडलाही योगायोगानेच. अमेरिकेत ऱ्होड आयलंड संस्थानात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मनोविकारांच्या मुलांचे एक रुग्णालय चालवीत होते. एका तपासणीसाठी या मुलांच्या पाठीच्या कण्यातले पाणी काढावे लागे आणि त्यानंतर त्यांचे डोके भयंकर दुखे. ते थांबावे म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखी काही फारशी गेली नाही. पण शिक्षक येऊन सांगू लागले, की पोरे एकाएकी बसून गणिते करू लागली आहेत. तीस मुलांपैकी चौदांमध्ये अभ्यासात ठळक फरक पडला. ब्रॅडलींनी हे १९३७ साली प्रसिद्ध केले. मुलांनी त्याआधीच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नाव पाडले होते. संशोधकांपेक्षा पोरांना नावे चांगली सुचतात.

मी घेतो ते औषध मेथिलफेनिडेट. ते १९४४ साली स्वित्झर्लंडात सीबा कंपनीच्या लिअँड्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले. त्याच्या पत्नीचे नाव मार्गरीट, लाडाने रीटा. तिचा रक्तदाब कमी असे, आणि टेनिस खेळण्यापूर्वी ती हे औषध घेई. म्हणून त्याने त्याचे नाव ठेवले रिटॅलिन. १९५०च्या दशकाच्या मध्यास ते बाजारात आले, तेव्हा ते थकव्यासाठी, उदासपणासाठी आणि म्हातारपणच्या मरगळीसाठी होते; मुलांकडे ते नंतर वळले. बायकोचे नाव औषधाला देण्याची कल्पना मी आमच्या सौ.ना सांगितली. त्या म्हणाल्या, "माझं नाव कशाला? तुम्हांला नुसतं माझं बोलणं ऐकू आलं तरी पुरे."

ते काम कसे करते, तेही डॉक्टरांनी समजावून दिले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन अशी द्रव्ये सोडतात आणि निरोप पोचला की ती परत शोषून घेतात. हे औषध ते परत शोषणे अडविते, त्यामुळे ती द्रव्ये जागेवर थोडी अधिक रेंगाळतात. बस्स, इतकेच. त्यात बुद्धी नाही, स्मरणशक्ती नाही, आणि सद्गुण तर मुळीच नाही.

आम्हां कात्रजकरांना हे समजायला सोपे जावे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तळे बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्याकडे आणि पेठांतल्या हौदांकडे नेले. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. आणि वाटेत कोंडलेली हवा सुटावी म्हणून बांधलेले उच्छ्वास. तळे कितीही तुडुंब भरले असते, तरी तो नळ नसता तर सदाशिव पेठेतल्या बाईच्या घागरीत थेंब पडला नसता. आमच्यासारख्यांच्या डोक्यात पाण्याची टंचाई नसतेच. मला आवडणाऱ्या विषयाचे पुस्तक हाती लागले, तर मी पाच तास जागचा हलत नाही. घरात चोर शिरले तरी त्यांनी आवाज न करता जावे एवढीच अपेक्षा. अडचण ही, की हव्या त्या हौदात, हव्या त्या वेळी पाणी सोडता येत नाही. म्हणून ते 'न्यूनता' नाव मला अजून पटलेले नाही.

निदान झाले, रक्तदाब मोजला, हृदयाचा आलेख काढला, औषध लिहून मिळाले. आता ते विकत घेणे एवढेच उरले होते, आणि खरी तपश्चर्या इथूनच सुरू झाली. मेथिलफेनिडेट आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि औषधांच्या नियमांतल्या 'अनुसूची एक्स'मध्येही आहे. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत हवी. त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची. औषध कुलपात. आणि ते विकायला दुकानाला वेगळा परवाना. कात्रज चौकातल्या पहिल्या दुकानात मी चिठ्ठी पुढे केली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ती वाचून माझ्याकडे असे पाहिले, की मी आपोआप खिशातले हात बाहेर काढले. दुसऱ्याकडे परवाना नव्हता. तिसऱ्याकडे परवाना होता, माल नव्हता. बालाजीनगर झाले, धनकवडी झाली, स्वारगेट झाले, अखेर सदाशिव पेठेत एका जुन्या दुकानात एका वयस्क गृहस्थांनी काही न बोलता कुलूप उघडले, वहीत नोंद केली, आणि गोळ्या देताना म्हणाले, "महिन्याची तारीख सांभाळा. चिठ्ठीवर पुढची तारीख नसेल तर मी देणार नाही."

नियम कडक आहे तो निष्कारण आहे, असे मी म्हणणार नाही. उत्तेजकांचा गैरवापर जगभर झालेला आहे. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना माझ्या औषधाची कुणकुण लागताच ते रात्री साडेनऊला दार वाजवून आत आले आणि हळूच म्हणाले, "चिरंजीवांची बारावी आहे. परीक्षेपुरत्या चारच द्या." मी नाही म्हटले. कायद्याने तो गुन्हा आहे, त्याच्या हृदयाची तपासणी झालेली नाही, आणि त्याला हा विकार आहे की नाही हे त्याला किंवा मला माहीत नाही, असे सगळे सांगितले. तेव्हापासून ते गृहस्थ लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा कुलूप असावे. पण या कुलपाची रचना करताना एक गोष्ट कोणाच्या मनात आलेली दिसत नाही. ज्या माणसाचा आजारच मुळी कागद हरवणे, तारीख विसरणे आणि रांगेत उभे राहून कंटाळणे हा आहे, त्याने दरमहा दोन प्रती सांभाळून, तारखेवर नजर ठेवून, चार दुकाने पालथी घालावीत अशी त्यात योजना आहे. लंगड्याच्या कुबड्या पर्वतीच्या माथ्यावर ठेवण्यापैकी हा प्रकार झाला. आमच्या घरी ती दुसरी प्रत सौ.च्या ताब्यात असते. ज्यांच्या घरी अशी व्यक्ती नाही, त्यांचे काय होत असेल?

पहिली गोळी मी एका शनिवारी सकाळी आठ वाजता घेतली. मात्रा पाच मिलिग्रॅम. सौ. समोर घड्याळ घेऊन बसल्या होत्या; मुलगी माझ्या डोळ्यांत काही बदल होतो का ते पाहत होती; आप्पा वर्तमानपत्रामागून. मला वाटले होते, की काहीतरी झणझणेल, निदान चहासारखी तरतरी येईल. साडेआठ झाले. काहीच नाही. मी उठून गॅलरीत गेलो. आमची गॅलरी घाटाच्या बाजूला आहे, आणि मालाने लादलेले ट्रक दिवसरात्र गुरगुरत चढ चढतात. ते आवाज तसेच होते. पण काहीतरी निराळे वाटत होते, आणि ते काय हे कळायला मला दोन-तीन मिनिटे लागली: प्रत्येक ट्रकाबरोबर मी घाट चढत नव्हतो.

याहून मोठा चमत्कार त्या दिवशी झाला नाही. कुकरच्या तीन शिट्या झाल्या आणि मी जाऊन गॅस बंद केला. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी काही म्हटले नाही. पण चौदा वर्षांच्या संसारात हा कुकर मी न सांगता पहिल्यांदाच बंद केला होता, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. मग मी बसलो आणि वीज मंडळाला लिहायचे एक पत्र लिहिले. ते मी अकरा महिने लिहिणार होतो. पत्र सहा ओळींचे होते.

त्या सहा ओळींनी मला फार अस्वस्थ केले. ज्यांना हा विकार नाही त्यांना वाटते, की आमच्यासारखे लोक काम टाळतात ते सुखासाठी. तसे मुळीच नाही. अकरा महिने ते पत्र रोज माझ्या मानेवर बसलेले होते. मी त्याच्या भीतीने रात्री जागा होत असे. 'करायला हवे' आणि 'करणे' यांच्या मध्ये एक दरी असते. बाकीची माणसे ती ओलांडतात हे मला दिसत असे, कशी ते दिसत नसे, आणि आपण ओलांडत नाही याचा अर्थ आपल्याला कोणाची पर्वा नाही असा जग काढी. हळूहळू आपणही तोच काढतो. त्या सकाळी दरीच्या जागी एक साधा उंबरठा होता. मी ओलांडला. मग मनात आले, की हा उंबरठा इतरांना जन्मभर आहे? आणि मला नव्हता तो केवळ एवढ्याशा रसायनापायी? मी संडासात जाऊन दार लावून थोडा वेळ रडलो. हे लिहावे की नाही असा विचार केला. पण याच रडण्याबद्दल आणखी दोघांनी मला पुढे आपणहून सांगितले, त्यांनीही मोठेपणीच हे औषध सुरू केले होते, म्हणून लिहितो.

नंतरचे महिने असे नाट्यमय नव्हते. मात्रा पाचाची दहा झाली. मग दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीऐवजी सकाळी एकदाच घ्यायची, सावकाश विरघळणारी गोळी आली, कारण दुपारची गोळी घ्यायला मी विसरत असे. विसरण्यावरचे औषध विसरणे हा या आजाराचा खास विनोद आहे. भूक पार मेली. सौ.नी श्रावणात पुरणपोळी केली, ती मी औषध घेतल्यासारखी खाल्ली, आणि त्या दिवशी घरात जो अबोला झाला तो कोणत्याही रसायनाने सुटण्यासारखा नव्हता. वजन तीन किलोंनी उतरले. तोंड कोरडे पडते. दिवसाचा चौथा आणि पाचवा चहा सोडावा लागला, कारण छाती धडधडू लागे. संध्याकाळी औषधाचा अंमल उतरतो तेव्हा तासभर मी खेकसतो. ती वेळ आता घरातल्या सगळ्यांना माहीत झाली असून तेवढ्यात कोणी माझ्याकडे पैसे मागत नाही.

आणि मुख्य म्हणजे, गोळी लक्ष देते. लक्ष कशाकडे द्यायचे ते सांगत नाही. एका रविवारी मी औषध घेऊन घरातल्या सगळ्या जुन्या किल्ल्या गोळा केल्या आणि चार तास त्यांना लांबीप्रमाणे लावीत बसलो. काम अत्यंत एकाग्रतेने झाले. त्यांतली एकही किल्ली कोणत्याही कुलपाला लागत नाही. माझे पोटापाण्याचे काम एका बांधकाम ठेकेदाराकडे मोजमापाची बिले तयार करण्याचे आहे. तिथे मात्र फरक उघड दिसतो. कॉलम, बीम, स्लॅब, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, असे आकडे पानेच्या पाने उतरून घेताना पूर्वी माझा जीव कासावीस होई. आता होत नाही. आवडू लागले आहे असे नाही; कंटाळा येतो, पण कंटाळ्याच्या जागीच येतो.

नातेवाइकांना सांगितले तेव्हा सल्ले आले. प्राणायाम करा. मोबाईल कमी करा. पहाटे उठा. बदाम खा. एका काकांनी गीता काढली. सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चंचलतेची तक्रार केली आहे आणि भगवंतांनी त्यावर अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला आहे, हे खरेच आहे. पण काका, मी म्हटले, हा अर्जुन म्हणजे ज्याला द्रोणाचार्यांनी झाडाकडे बघायला सांगितले तेव्हा पोपटाचा नुसता डोळा दिसला, तोच ना? ज्याला झाड दिसते, फांद्या दिसतात, फांदीवरच्या मुंग्या दिसतात, आणि 'मुंग्या रांगेनेच का चालतात?' असे जो गुरुजींना उलट विचारतो, त्या शिष्याला भगवंतांनी काय सांगितले असते, ते त्या अध्यायात नाही. व्यायामाने आणि नेमाने या विकारात मदत होते, हे डॉक्टरही सांगतात, आणि मी सकाळी चालायला जातोही. पण रोज ठरल्या वेळी चालायला जाणे मला जमू लागले ते गोळी सुरू झाल्यानंतर. आधी कोंबडी की आधी अंडे, याचे माझ्यापुरते उत्तर हे असे आहे.

या सदराचे काय होणार, हीही एक शंका होती. भरकटणे हेच ज्याचे भांडवल, त्याने भरकटणे सोडले तर दुकान चालायचे कसे? औषध सुरू झाल्यावरचा पहिला लेख मी मुदतीच्या दोन दिवस आधी पाठविला. तासाभरात संपादकांचा फोन आला. लेखाबद्दल नव्हे, "घरी सगळं ठीक आहे ना?" असे विचारायला. लेख कसा होता ते त्यांनी अजून सांगितलेले नाही. मी हे सदर मुद्दाम संध्याकाळी, अंमल उतरल्यावर लिहून पाहिले आणि सकाळीही लिहून पाहिले. सकाळचे पूर्ण होते, संध्याकाळचे होत नाही, एवढाच भेद मला दिसला. फाटे दोन्हींत तितकेच. तेव्हा पत्रे पाठविणाऱ्या वाचकांनी फार आशा ठेवू नये.

आता ट्रंकेकडे येतो. हा विकार घराण्यातून फार जोराने उतरतो, उंचीच्या खालोखाल म्हटले तरी चालेल, असे जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून दिसते. डॉक्टरांनी "घरात आणखी कोणी?" असे विचारले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती दोऱ्याने बांधलेली सात नेमणूकपत्रे आली. आप्पांना मी ते कसे सांगावे, या विचारात दोन महिने गेले. माझ्या लहानपणी छत्री हरवली म्हणून मला छडीने मारणारे आप्पा, आणि त्या वर्षात स्वतः दोन छत्र्या हरवून आलेले आप्पा एकच होते. आईने शिवणकाम करून घर चालविले. साताऱ्याहून सासवडला, सासवडहून पुण्याला, दर दोन-तीन वर्षांनी नवी नोकरी, नवे बिऱ्हाड. भांडण झाले की ती एकच वाक्य म्हणायची, "तुम्हांला आमची काळजी असती, तर असं झालं नसतं." आप्पा त्यावर काही बोलत नसत, उठून बाहेर जात.

गणपतीनंतर एके दिवशी मी तो अठरा लक्षणांचा कागद नुसता त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि खुणा करू लागले. अकराव्या प्रश्नाशी आले तेव्हा त्यांना चष्म्याचा स्क्रू सैल लागला. तो पिळायला स्क्रूड्रायव्हर हवा म्हणून ते उठले, स्क्रूड्रायव्हरच्या डब्यात त्यांना एक जुने घड्याळ सापडले, आणि संध्याकाळपर्यंत त्या घड्याळाचे सगळे भाग वर्तमानपत्रावर पसरलेले होते. कागद मला तीन दिवसांनी मिळाला. अठराच्या अठरा भरलेला.

त्यांचे वय सत्त्याहत्तर. हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट. डॉक्टरांनी त्यांच्याशी तासभर गप्पा मारल्या आणि या वयात, या हृदयाला आपण उत्तेजक देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. निदानाबद्दल मात्र त्यांना फारशी शंका नव्हती. परत येताना रिक्षात आप्पा गप्प होते. कात्रज डेअरी मागे पडल्यावर म्हणाले, "मला आता गोळी कशाला? मला कुठं आता मस्टरवर सही करायचीय." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या आईला मात्र हे कळायला हवं होतं रे. चाळीस वर्षं तिला वाटत राहिलं, की मला तिची पर्वा नाही. आणि मला तरी काय सांगता येत होतं? मलाही तसंच वाटायचं."

मुलीला औषध द्यायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सध्या शाळेत पहिल्या बाकावर जागा, गृहपाठाचे लहान लहान तुकडे आणि मधूनमधून उठायची मोकळीक एवढेच करून पाहायला सांगितले आहे. तेवढ्याने भागले नाही, तर गोळीचा विचार. सौ.ची भीती भुकेबद्दल आहे, कारण पोर मुळातच काडीसारखी आहे. माझी भीती 'हुशार आहे, परंतु' या शब्दांची आहे. आम्ही यावर दोनदा भांडलो आहोत, आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असल्यामुळे भांडण मिटत नाही. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी तिला पुन्हा दाखवायचे आहे. आप्पा बरोबर येतो म्हणाले आहेत. तारीख त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली, मी फोनमध्ये घातली, आणि सौ.नी आम्हां दोघांवरही विश्वास न ठेवता चिठ्ठी फ्रीजच्या दारावर चिकटविली आहे.